ब च्या पोटातली रेघ

खिळेजुळारी मोनाप्पा मुचंडीकर
हा टाइप चिमट्यानं उचलायचे,
बोटं लावायचे नाहीत.
चोवीस पॉइंट. उभी रेघ जाड, उसाच्या कांडासारखी,
आणि तिरपी इतकी बारीक
की मी तोंडावर पदर धरून केसपाशी उभी राहायची.
टोकांना किंचित टाचा,
लग्नघरात पहिल्यांदाच उंच चप्पल घातलेल्या पोरीसारख्या.

"ह्याला घाईचं काम लावू नये," म्हणायचे.
"पत्रिका घे. सराफाची पावती घे.
अत्तराच्या बाटलीवरचं नाव घे.
रेशनचा फॉर्म? खुळी काय गं तू?"

मशीन रुद्राप्पांकडे.
त्यांना मराठी वाचता यायचं नाही,
म्हणून ते अक्षरं बघायचे.
ओला कागद खडेबाजाराच्या उजेडात धरायचे
आणि मोजल्यासारखं म्हणायचे:
दप्प. सण्ण. दप्प. सण्ण.
जाड. बारीक.
पायाखालचं यंत्रही तेच म्हणतंय
असं मला दुपारी झोप आली की वाटायचं.

काकतीचा नवरा, शिनोळीपलीकडची नवरी.
पाचशे पत्रिका, एका अंगाला मराठी,
दुसऱ्या अंगाला कन्नड.
तीनशे बारावी हातात आली तेव्हा
ब च्या पोटातली रेघ तुटलेली दिसली.
कधीची तुटली होती कोण जाणे.
मुक्काम पोस्ट: वेळगाव.

ह्या नावावर डांबर फासलेलं मी पाहिलं होतं,
एकदा ह्यांनी, एकदा त्यांनी.
पण केसाएवढ्या रेघेवरून
गाव निसटून वेळेत पडलेलं
पहिल्यांदाच बघत होते.

मोनाप्पा स्टुलावर बसले. चहा निवला.
नवरीच्या बापानं चाळिशी चढवून
वरपासून खालपर्यंत वाचलं, म्हणाला,
"बरोबर हाय की."
पाहुणे आले. सगळे आले.
एकही चुकला नाही.

आता मी तोच टाइप पडद्यावर काढते.
मोठा केला की राजबिंडा.
बारा पॉइंटला आणला की नुसते खांब उरतात,
तारा कुणी तोडून नेल्यासारखे.
बसच्या वेळापत्रकाला तो द्यायचा नाही,
औषधाच्या चिठ्ठीला तर नाहीच.
हे मी गिऱ्हाइकांना सांगते
आणि ते सांगताना माझा आवाज मोनाप्पांचा होतो.

ब पाशी मात्र रोज अडते.
रेघ अठरा ठेवली तर पुन्हा वेळगाव.
तीस ठेवली तर अक्षर ऑफिसातल्या साहेबासारखं,
पोट सुटलेलं.
बावीस. चोवीस. परत बावीस.

काल प्रूफ काढायला
रुद्राप्पांच्या नातवाच्या झेरॉक्स दुकानात गेले.
पोरानं कागद घेतला,
वाचला नाही,
दाराशी जाऊन उजेडात तिरका धरला.
त्याला हे कुणी शिकवलं असेल, असं वाटत नाही.
"सण्ण आतु, अक्का," म्हणाला.

घरी येऊन सव्वीस केली.