ओतीव

उद्यमनगरात आबा मोल्डर.
ओतीव निघालं की हातोडीनं हळूच ठोकायचे,
कान लावायचे.
"आत पोकळ हाय," म्हणायचे. फोडलं की असायचं.

सनद आली तेव्हा काळा कोट खुंटीला लागला.
आईनं मागं पेपर चिकटवला,
भिंतीचा चुना लागू नये म्हणून.

पहिलंच प्रकरण: रात्रपाळी, प्रेसखाली गेलेली तीन बोटं,
आणि मालक म्हणतो, तो आमचा कामगारच नाही.
मी युक्तिवाद मोठ्यानं वाचत होते,
कलमं, निवाडे, कसबा बावड्याच्या कोर्टात शोभेल असा आवाज.

आबांचा भाकरीचा तुकडा हातातच राहिला.
"मधलं परत वाच."
वाचलं.
"हितं पोकळ वाजतंय, पोरी.
बोटं कुठल्या हाताची, सांगितलंच न्हाईस."

मी फाईल उघडली.