पावतीच्या मागं

गंगाखेडच्या स्टँडासमोर आठ बाय सहाचं दुकान माझं.
फुटलेल्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या,
पाण्यात पडलेले, तांदळात पुरून आणलेले फोन.
माणूस काउंटरवर कोपर टेकतो
तेव्हाच कळतं मला, आत काय जपलंय त्यानं.

परवा नसरीनबी आल्या. मेमरी फुल झाली म्हणाल्या,
लग्नाचे फोटो काढून टाक भाऊ, लेक्चर ठेव.
चव्वेचाळिसाव्या वर्षी बी.ए.चं दुसरं साल.
नवरा विचारतो, कामून शिकायलीस?
त्या भाकरी थापत कानात इतिहास ऐकतात.

पालमचे कोतवाल, रिटायर होऊन तप उलटलं,
अलिफ बे गिरवतात काचेवर बोटानं,
निजामाच्या वेळचा जमिनीचा कागद
दुसऱ्याकडून वाचून घेताना तीनदा फसले म्हणून.
त्यांच्या स्क्रीनगार्डला उजवीकडून डावीकडं चरे पडलेत.

आणि तो न बोलणारा पोरगा, टायरवाल्याचा.
स्पीकर गेलेला. मी म्हणलं, बदलतो, दोनशे.
त्यानं मान हलवली, काचेच्या तळाशी बोट ठेवलं:
तिथं अक्षरं उमटतात, मास्तर बोलतो तशी.
तेवढी पट्टी उजळ कर.

मी? मी नववी नापास.
सोल्डर शिकलो ते कुठल्याशा देशातल्या माणसाच्या हातांकडं बघून.
त्याचं तोंड कधी दिसलं नाही, भाषा कळली नाही.
डाव्या अंगठ्याला भाजल्याचा डाग होता त्याच्या.
माझ्याही आहे आता.

पण सांगायचं होतं ते शिवकन्याचं.
चार्जिंगची पिन. दसऱ्याच्या आधी टाकून गेली,
पावतीवर पॅटर्न काढून दिला, सांजच्याला येते म्हणली.
टोळीचा ट्रॅक्टर त्याच रात्री निघाला ऊस तोडायला.
फोन माझ्या ड्रॉवरात.

पहाटे पावणेपाचला ड्रॉवर वाजला.
माळ्यावरून उतरलो, चोर समजून.
काचेवर लिहिलेलं: ऊठ. गणित.
दुसऱ्या दिवशी वाजला. तिसऱ्या दिवशी.
अलार्म काढून टाकणं माझ्या बोटाचं काम, एका सेकंदाचं.
बोट गेलं नाही.

पाचला एक बाई शिकवायच्या. बोलण्यावरून लातूरकडच्या असाव्यात.
मागं कुकरची शिट्टी व्हायची, मग म्हणायच्या, थांबा, दोन झाल्या.
हजेरी घेतली. शिवकन्या?
मी दाबलं: हजर.

एकदा खोटं बोललं की निभवावं लागतं.
रिचार्ज मारला. वही नव्हती,
तर जुन्या पावत्यांच्या मागं उतरवू लागलो
नववीची समीकरणं. पुढून डिस्प्ले तीनशे पन्नास,
मागून क्ष अधिक य.
ज्या क्षनं मला शाळेतून घालवलं
तो थंडीत, घोंगडीत, माझ्या शेजारी येऊन बसला.
कधी सुटायचा. कधी बाईंना परत विचारायचो,
पोरीच्या नावानं, भीड चेपून.

ती आली पाडव्यानंतर. पाचटानं हात चिरलेले.
फोन दिला. सुतळीनं बांधलेला गठ्ठा दिला.
म्हणली, मुकादमाच्या पोराच्या फोनवर कधीमधी बघायचे मी.
तिथं दिसायचं: शिवकन्या, हजर.
वाटायचं, आपल्याच नावाची दुसरी कुणीतरी आहे,
जिला ऊस नाही.

मग उभ्यानंच पावत्या चाळल्या तिनं.
स्टँडावर परळी गाडी लागली, माय हाका मारायली,
हिचं लक्ष नाही.
माझ्या कानामागचा पेन न विचारता काढला.
"दादा, हे तिसरं चुकलंय," म्हणली.
"चिन्ह बघा."