शेवटचा गोल

रिटायर झाल्यावर तेलुगू शिकतोय,
साखर पेठेत, भूमय्या बोद्धुलांच्या ओट्यावर.

'मेमु' म्हणजे आम्ही, ते म्हणाले,
समोरच्याला सोडून.
'मनम्' म्हणजे आपण. त्याला धरून.
म्हटलं, हे आमच्यातही आहे की!
'आमच्यात?'
ते हसले, बिडी विझेपर्यंत.

सन तीसचं वाचलंय बरंच, हौसेनं.
तारखा पाठ आहेत. मार्शल लॉ, चार फाशी.
पण गर्दी एकमेकांना काय म्हणत होती,
यातलं कुठलं,
ते कुठल्या गॅझेटात नाही.

परवा प्रचाराची रिक्षा गेली गल्लीतून,
आम्ही आम्ही आम्ही.
भूमय्यांनी माझी वही ओढली.
'मनम्'चा शेवटचा गोल राहिलाय, म्हणाले.

काढला.
जरा मोठाच झाला.