ओनोरीनकडची किल्ली

किल्ल्याची किल्ली पावाच्या दुकानात मिळते.
पिठाच्या पिंपामागे, खिळ्यावर,
वीतभर लांब, हाताला गार.
ओनोरीन विचारते, परत कधी आणणार?
साडेसहाच्या आत आणा, मग मी बंद करते.
वहीत नाव लिहा. पेन्सिल दोरीला बांधलेली.
माझ्या वरचं नाव एप्रिलमधलं,
त्यावर लोण्याचा डाग.

वाट दुकानामागूनच सुटते,
कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून.
खुराड्याच्या दारावर अर्धा सिंह कोरलेला.
गाढवाच्या पाठीवरून उतरलाय तो खाली,
कुणाच्या तरी पणजोबाला चौकटीवर दगड हवा होता तेव्हा.
मग दिसतच जातो थोडा थोडा किल्ला:
विहिरीच्या काठाला, गोठ्याच्या कोनाड्यात,
शाळेच्या पायरीला, जिच्यावर बसून एक मुलगी
बुटातला खडा काढत होती.
चढ लागायच्या आत
माझा अर्धा किल्ला बघून झाला होता.

पुढे ओकचं रान.
दर वळणावर खोडाला पिवळा पट्टा,
शेवटचा तर ओलाच, बोटाला लागला.
शेजारी फिर्मँ, डबा गुडघ्यांत धरून, ब्रश पुसत.
एकतीस वर्षं टपाल वाटलं, आता वाटा रंगवतो.
झाड वाढतं, म्हणाला, तशी खूण फाकत जाते,
दर दोन वर्षांनी पुन्हा बारीक करावी लागते.
पट्टा म्हणजे चला. फुली म्हणजे इकडे नाही.
फुली मारताना हात अडतो.
त्या बाजूलाही वाट असतेच की कुणाची तरी.
ही खाली कोंब-सेशला जायची,
तीन घरं, एक आंधळी कुत्री.
शेवटचं पत्र विजेचं बिल होतं.
घरात कुणी उरलं नव्हतं, ते मला ठाऊक होतं.
तरी दाराखालून सरकवलं.
एवढं बोलून त्याने फुलीची दुसरी रेघ ओढली
आणि माझ्याकडे न बघता
झाकण घट्ट बसवलं.

वर दार उभं होतं.
लोखंडी पट्ट्यांचं, माणसाच्या दीडपट,
दोन्हीकडे दोन-दोन हात भिंत
आणि त्यापुढे काही नाही.
उजवीकडे दहा पावलांवर तट संपून गवत सुरू होत होतं.
गवतातून मेंढ्यांनी पाडलेली वाट आत जात होती,
चांगली मळलेली.
मी इकडे तिकडे बघितलं.
मग किल्ली लावली.
दोन फेरे. आत काहीतरी म्हातारं खाकरलं
आणि दार उघडलं.

आत दुसऱ्या मजल्यावर शेकोटीची जागा,
मजला नाही.
काजळी अजून काळी.
चुलीच्या तोंडातून रानचेरीचं एक झाड बाहेर वाकलेलं,
पाकोळ्या त्याला जेमतेम चुकवत होत्या.
खाली बसून एक जर्दाळू खाल्ला.
बी कुठे टाकावी ते सुचेना, खिशात ठेवली.
दगड तापलेले, रानओव्याचा वास,
खूप खाली कुणीतरी करवत चालवत होतं,
थांबत होतं, चालवत होतं.

निघताना दार ओढलं, कुलूप लावलं,
आणि लागलंय का बघायला
कडीला हिसका दिला.
त्याच वेळी डावीकडच्या खिंडारातून
एक मेंढी बाहेर आली, तिच्यामागे तिचं कोकरू,
दोघं जरा थांबली
आणि उताराला लागली.

सहा चाळीस. दुकानाचं शटर अर्धं खाली.
ओनोरीन पायरीवर, चपला काढून.
कुलूप नीट लावलंत ना?
हो म्हटलं. मग राहवेना, भिंतीचं विचारलं.
भिंत ना, म्हणाली, मी सात वर्षांची होते,
थंडीत रात्री पडली, आम्हाला वाटलं बर्फ घसरला.
ती पडली, तिची मर्जी.
दार आमच्याकडे आहे.

किल्ली तिने एप्रनला पुसली.
उरलेला एक पाव कागदात बांधून दिला,
पैसे घ्यायचे नव्हते की विसरली, कळलं नाही.
चालता चालता तोडून खाल्ला.
तळहाताला लोखंडाचा वास होता,
पावालाही लागला.