मध्यम, चार तास

साकोलीहून भाच्यानं छापून आणलेले कागद
सगळे काळेपांढरे.
लाल वाट अवघड, निळी मध्यम, हिरवी सोपी
असं कोपऱ्यात लिहिलंय खरं,
पण आमच्या खाटेवर सगळ्याच वाटा राखाडी,
नवतपातल्या पांदणीसारख्या.

वारा सुटलाय. एका टोकावर अडकित्ता,
एकावर बीपीच्या मशीनचा पट्टा,
उरलेल्या दोन टोकांवर हिरकन्या कुमरे, हात टेकून.
एकतीस वर्षं आम्ही एकाच दवाखान्याच्या दोन सिस्टर,
ती नदीच्या अल्याडची गावं, मी पल्याडची.
पोरीनं दोघींची तिकिटं काढलीत,
मदेरा नावाचं समुद्रातलं बेट.
"वाटा तुम्ही निवडा," म्हणाली फोनवर,
साडी निवडा म्हणावं तशी.

हिरकन्या चष्मा पुसते. "हे गोल काय व्हय वं?"
गोल म्हणजे निघायचं जिथून, यायचं तिथंच.
"मंग गेलो काहून?"
पाहायला.
"काय?"
मी कागदात शोधलं. ढग, म्हटलं. पायाखाली दिसतात.
तिनं मान वर करून आभाळ पाहिलं,
तिथं डोक्यावरही एक नव्हता.

पुढची वाट. अकरा किलोमीटर, चार तास, मध्यम.
कोणी ठरवलं मध्यम?
आम्ही वाट मोजायचो लशीच्या निळ्या डब्यातल्या बर्फावर.
वितळायच्या आत गाठता येतो तो टोला जवळचा.
नाल्याशीच डबा खळखळायला लागला
तर लांबचा, आणि पाय उचला.
अवघड म्हणजे चिचटोल्याची ती रात्र,
टॉर्चचे सेल बसलेले,
पुढं अडलेल्या बाईचा दीर कंदील घेऊन,
आणि दर वळणावर म्हणतोय, हे आलंच, हे आलंच.
पोरगी झाली.
आता ती स्कूटीवरून जाते, मला हॉर्न देते.

एक गोष्ट मात्र त्या कागदांत सापडेना.
वाटेच्या शेवटी कोण आहे?
धबधबा आहे. दोन बाकं आहेत. गाडी लावायला जागा आहे.
माझ्या एकाही वाटेचं टोक
दाराशिवाय नव्हतं,
दारात बाई, आणि तिच्या कडेवर
मला पाहून रडायच्या तयारीत कोणीतरी.
धबधब्याला काय विचारू मी?
ताप आहे का? किती दिवसांपासून?

चहा झाला, दुसऱ्यांदा झाला.
मग हिरकन्याचं बोट एका बारीक रेषेवर थांबलं.
रेषेला लागून दुसरी रेष, सुटतच नव्हती.
"एक वाट. दुसरं काय?"
भाच्याला फोन लावला. तो वाचून म्हणाला, पाट.
डोंगराच्या कडेकडेनं वावरात पाणी नेणारा,
माणसांनी खोदलेला, जुना,
आणि त्याच्या अंगानं
राखणदार चालेल एवढीच पाळ.
"आँ! हे तं आपल्या मामा तलावासारखंच झालं!"
हिरकन्या खाटेवर सरळ बसली.
"मंग पाणकर असंल तिथं. पाणी सोडणारा.
त्याच्यासंगं बोलता येईल."
कोणत्या भाषेत, ते तिनं विचारलं नाही,
मीही काढलं नाही.
शिसपेन जिभेवर ओली केली
आणि रेषेभोवती गोल काढला.

बूट आणलेत. पोरगी म्हणते, घालून घालून मऊ करा आधी.
म्हणून रोज पाचला तलावाच्या पाळीवर दोन फेऱ्या.
हिरकन्या गुडघ्याला शिव्या देत मागं,
माझा उजवा खांदा अजून जरा वर,
डब्याच्या पट्ट्याला जागा ठेवून.
ढिवर मोहल्ल्यातून आवाज येतो,
"सिस्टर, आज कोणाच्या घरी?"
कोणाच्याच नाही, म्हणते मी.
चालून राहिलो नुसत्या.

पण आम्ही परत फिरतो तोवर
दोघीतिघी ओट्यावर येऊन उभ्या असतात,
पोरांच्या बाह्या वर सारून.