समोरच्यांचा रकाना

केस्टर अडोनिसचं नाव मी पहिल्यांदा लिहिलं
तेव्हा तो बारा वर्षांचा.
पायात एक बूट स्वतःचा, एक थोरल्या भावाचा.
समुद्राच्या बांधाकडून धावत यायचा,
आणि डचांच्या जुन्या झडपेवरचे बगळे
चेंडू सुटायच्या आधीच उडायचे.
आमच्या गावांना नावं नाहीत, नंबर आहेत. आमचा अडुसष्ट.
सोळा वर्षं तो माझ्या वहीत
आमच्यांत राहिला.

यंदा दोन संघ पात्र ठरले, आणि केस्टर दोन्हींत.
एक आमचा, निम्मा याच किनाऱ्यावरचा.
दुसरा दूरच्या एका शहराचा,
ज्याचं नाव त्याच्या आईला अजून उच्चारता येत नाही,
पण ज्याच्या पैशानं तिचं घर
खांबांवर, भरतीच्या वर उभं राहिलं.

नियमात लिहिलंय: निवड खेळाडूनं करायची,
ज्यांचा गेला त्यांना भरपाई.
भरपाई हा शब्द आम्ही पुरानंतर वापरतो.
गाय वाहून गेली तर.

त्या पैशातून मैदानाला रोलर आला. पिवळा, दोन टनी.
त्यानं पिच असं काही दाबलं
की आता कुठल्याच वेगवान पोराचा चेंडू
गुडघ्यापर्यंत येत नाही.
हे कुणी ठरवून केलं नाही.

सामना जोहान्सबर्गला. तिथे रात्र, इथे दुपार.
पर्सोदच्या रमच्या दुकानात टीव्ही, पंखा,
आणि वही घेऊन मी. सवय, दुसरं काय.

सतराव्या षटकात चेंडू केस्टरकडे,
समोर आमचा कप्तान, सेवचरण.
सेवचरणचा डावा पाय घाई करतो,
आत येणाऱ्या चेंडूला बॅट उशिरा पोचते.
हे तिघांनाच ठाऊक:
त्याला;
मला, कारण त्याचे सगळे त्रिफळे माझ्या अक्षरात आहेत;
आणि केस्टरला, जो ही खोड मोडावी म्हणून
अंधार पडेपर्यंत त्याला नेटमध्ये चेंडू टाकायचा.

पहिले दोन बाहेर टाकले. खूपच बाहेर.
त्यांच्या कप्तानानं लांबून हातानं काही विचारलं.
केस्टर चेंडू पुसत राहिला.
मी पेन्सिल वर धरली होती.
देवाकडे काय मागत होते
ते आजही सांगता यायचं नाही.

तिसरा आत आला.

त्यानं हात वर केले नाहीत.
निळ्या कपड्यांतली माणसं त्याच्या अंगावर पडली,
तो मधोमध, मिनीबसची वाट बघत असल्यासारखा.
दुकानात कुणी सवयीनं ओरडलं, "आपला पोरगा!"
मग नुसता पंखा.

मी लिहिलं: सेवचरण, त्रि. अडोनिस, १७.
आणि खाली, समोरच्यांच्या रकान्यात,
ते नाव पुन्हा एकदा, पहिल्यांदाच.
स्पेलिंग तपासून पाहिलं. कशाला, कोण जाणे.

डिसेंबरात आला. सेवचरणच्या मुलीला बूट आणले होते,
दोन्ही एका मापाचे.
माझ्याकडे वही मागितली,
त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसला.
म्हणाला, "मिस ओडेसा,
तुमचा सात अजून एकासारखाच दिसतो."

मग पिचवर जाऊन एक चेंडू जोरात आपटला.
जेमतेम घोट्याइतका उसळला.
"हे असं कुणी केलं?" त्यानं विचारलं.

मी रोलरकडे बघितलं नाही.