परिशिष्ट ब

दर तिमाहीला मी गोठे मोजतो.
आरेच्या शेवटच्या वळणावर लिंबाजी दिवटे
शेणाची पाटी खाली ठेवतो, हात पुसतो,
आणि पुसलेला हातही पाठीमागे लपवतो.

परवाना वीस जनावरांचा.
एकविसावं निघालं की
चाऱ्याचं अनुदान विसांचंही जातं.
सूट : सहा महिन्यांखालचं रेडकू धरू नये.
सूट : आंधळी, भाकड, दाखला असल्यास.

शेपट्या मोजू नयेत, त्या जागेवर राहत नाहीत.
बिल्ले मोजावेत, पिवळे, कानातले.
एकीचा कान फाटलाय. तिचा बिल्ला
लिंबाजी खिशातून काढतो,
मोडीत निघालेलं नाणं दाखवावं तसा.

एकवीस.

"ते कोपऱ्यातलं किती महिन्यांचं?"
"पाच, सायेब."
गेल्या खेपेला पाच होतं. त्याच्या आधीही.
आता शिंगांचे कोंब आलेत,
आणि माझ्या रजिस्टरचा कोपरा ते चघळतंय
अगदी मन लावून.

मी गोरेगावात भाड्याने राहतो,
एकशे ऐंशी चौरस फूट.
परिशिष्ट ब मधलं कोष्टक एकदा रात्री
घरालाच लावून पाहिलं :
चार म्हशी बसतात.
आम्ही पाच जण.
सूट कुणाला द्यायची, हे
बायकोला अजून विचारलेलं नाही.

रजिस्टर सोडवून घेतलं.
पान लाळेनं ओलं.
वयाच्या रकान्यात ५ लिहिलं,
शाई पसरली,
पसरू दिली.